चौथ्या कपाटाचा ताप

४ फेब्रुवारी

आत्या,

फोन केला तर तू तीनदा "काय?" म्हणणार, चौथ्यांदा मी ओरडणार आणि शेजारचे दार वाजवणार, म्हणून सरळ लिहायलाच बसले. तीस वर्षं विजेच्या मोटारींच्या कारखान्यात काढून तू कान तिथेच ठेवून आलीस, पण डोळे शाबूत आहेत. मला सध्या ते डोळेच हवे आहेत.

मला पहिल्यांदाच एक अख्खं काम एकटीला मिळालंय. इथल्या बियाणे भांडारात बारा थंड कपाटं आहेत, माणसाहून उंच, दाराला रबराची जाड पट्टी असलेली. आत पाकिटांमधून बी ठेवतात, चार अंशांवर. कपाटं सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, सगळे त्यांना कपाटकाका म्हणतात. इतकी वर्षं ते सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायचे. आता मी प्रत्येक कपाटात एक सेन्सर बसवलाय आणि बाराही केबली भिंतीवरून माझ्या पेटीपर्यंत आणल्यात. पेटी दर मिनिटाला आकडा टिपते आणि आलेख काढते.

सेन्सर काय आहे ते ऐकून हसशील. साधा ट्रान्झिस्टर, वाटाण्याएवढा. त्याचे दोन पाय एकमेकांना जोडले की तो डायोडसारखा वागतो. पेटीतली चिप त्यातून आधी थोडा करंट सोडते, मग दसपट सोडते, आणि दोन्ही वेळच्या व्होल्टेजमधला फरक बघते. कपाट जितकं गरम तितका फरक मोठा. एका अंशाला एका व्होल्टचा पाच हजारावा भाग, बास. एवढ्याशा गोष्टीवरून चौदा मीटर लांब बसून कपाटातला गारवा कळतो, याचं मला अजून नवल वाटतं.

अकरा कपाटं शहाण्यासारखी वागतात. चौथं वात्रट निघालं. नवीन आलेलं बी आधी त्यात ठेवतात. दिवसातून तीन-चारदा त्याचा आकडा अचानक तीन अंशांनी चढतो, दहा-बारा मिनिटं वर बसतो आणि गुपचूप उतरतो. भांडाराच्या प्रमुख, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्यांनी आलेख आणि कपाट उघडल्याची नोंदवही शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. प्रत्येक चढाच्या वेळी काकांनी चौथं कपाट उघडल्याची नोंद आहे. बाईंचं म्हणणं, काका दार नीट लावत नाहीत, त्यांचं वय झालं. काकांची नोकरी दोन वर्षं उरली आहे. वीस मार्चच्या बैठकीत त्यांना ठेवायचं की काढायचं ते ठरणार.

बाईंनी मला विचारलं, सेन्सर बरोबर आहे ना? मी हो म्हणाले. पण दार उघडं राहिलं तर आकडा हळूहळू चढायला हवा, हा एकदम उडी मारतो. धातू दिसला की तो जमिनीला जोडायचा, हा तुझा नियम मी पाळलाय हं. केबलच्या तारांभोवती जी धातूची जाळी असते ती दोन्ही टोकांना अर्थ केली आहे, कपाटाच्या अंगालाही आणि पेटीलाही. मग घोडं कुठे पेंड खातंय?

तुझी भाची


११ फेब्रुवारी

खटपटीबाई,

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे, पण मजकूर बरा होता.

आधी तुझ्या वाटाण्याबद्दल. मी आयुष्यभर ट्रान्झिस्टर तापले म्हणून शिव्या घातल्या, फेकून दिले, आणि तुम्ही लोक त्याच्या त्याच खोडीचं काम करून घेता. हे वाचल्यावर मी ड्रॉवरमधून एक जुना ट्रान्झिस्टर काढला, दोन पाय जोडले, मीटरला लावला आणि बोटांत धरला. आकडा, म्हणजे नुसता व्होल्टेज, तुझ्या चिपचा फरक नव्हे, हळूहळू खाली सरकला. सोडला की वर. अर्धा तास मी हाच उद्योग करत होते. तुझा काका चहा घेऊन आला आणि तसाच परत गेला. मला हे पन्नास वर्षांपूर्वी कोणी का दाखवलं नाही, याचा राग आला.

आता तुझं चौथं कपाट. मला वाटतं अर्थिंग कच्चं आहे. स्क्रूखाली रंग राहिला असेल, तो खरवडून काढ. आणि जाळीवर भागवू नकोस, ट्रान्झिस्टरची उणे तारही तिथेच कपाटाच्या अंगाला बांधून टाक. उणे म्हणजे शेवटी जमीनच. जितकं जमिनीला बांधशील तितकं शांत राहील.

तू म्हणशील आत्याचं हे वेड आहे. आहेच. माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई काम करायची. एका मोटारीच्या अंगाला अर्थ जोडायचा राहिला होता. तिने हात लावला आणि ती माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर आपटली. वाचली, पण उजव्या हाताने पुन्हा कधी स्क्रू फिरवू शकली नाही. तेव्हापासून धातू दिसला की मी आधी त्याला जमीन दाखवते.

कपाटकाकांचं वाईट वाटतं. पण दार उघडं राहत असेल तर राहत असेल, वय कोणाला चुकलंय. मलाच काल चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा सापडत नव्हता.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

तू सांगितलंस तसं सगळं केलं. रंग खरवडला, स्क्रू आवळला, उणे तार कपाटाच्या अंगाला बांधली. आता चौथं कपाट तीन नाही, सात अंश चढतं. मधल्या वेळातही नुसतं थरथरत असतं.

बाईंनी सातचा आलेख पाहिला आणि त्यांचा धीर सुटला. अकरा अंशांवर बी ठेवायचं म्हणजे पुढच्या पिढ्यांशी खेळ आहे, असं त्या म्हणाल्या. काकांना बैठकीपर्यंत घरी बसायला सांगितलंय. सेन्सर निर्दोष असल्याचा अहवालही फाइलला लागला. काका चाव्या टेबलावर ठेवून गेले. तेवीस चाव्या होत्या, प्रत्येकीला त्यांनी वेगळ्या रंगाचा दोरा बांधलाय. आता त्यांच्या जागी पावती खिडकीवरचा कारकून येतो, त्याला कोणता दोरा कोणत्या कपाटाचा तेच कळत नाही.

मला खरं सांग, दोन आठवड्यांत काकांचा हलगर्जीपणा दुप्पट कसा होईल? की होतो असा?

भाची


२७ फेब्रुवारी

खटपटीबाई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. काकांचं माहीत नाही, पण अर्थिंग वाढवल्यावर त्रास वाढला ही गोष्ट मी तीस वर्षांत पाहिलेली नाही. मोटार असती तर मी म्हटलं असतं, पोरीने तार चुकीची जोडली. पण तुला मीच शिकवलंय, तेव्हा तशी सोय नाही.

मला गप्प बसवत नाही. तीन गोष्टी पाठव. एक, त्या खोलीचा नकाशा, त्यात प्रत्येक कपाटाची विजेची वायर कोणत्या बोर्डातून येते ते काढ. भिंतीपलीकडे काय आहे तेही काढ. दोन, त्या चिपची पुस्तिका, अख्खी. तीन, चौथं कपाट कधी चढलं याच्या वेळा, आणि त्या वेळी इमारतीत आणखी काय काय चालू होतं. लिफ्ट, पंप, झाडूवाल्या बाईंचं यंत्र, काहीही.

आणि एक विचारते. "अहवाल फाइलला लागला" असं लिहिलंस. फाइलला अहवाल आपण होऊन चालत जाऊन लागत नाही. सही कोणाची होती?

आत्या


७ मार्च

आत्या,

सुटलं कोडं. काका घरी बसल्यापासून चौथं कपाट एकदाही चढलेलं नाही. पंधरा दिवस, चार अंश, थोडीशी थरथर सोडली तर सरळ रेघ. म्हणजे सेन्सर ठीक होता आणि दारच उघडं राहत होतं. बाईंनी आलेख भिंतीला लावलाय. वाईट वाटतं, पण माझा जीव भांड्यात पडला. सात अंशांनंतर मला वाटू लागलं होतं की पहिल्याच कामात मी तोंडघशी पडले.

तुझ्या हट्टाखातर नकाशा आणि पुस्तिका सोबत पाठवते आहे. आता त्याचा उपयोग नाही, तरी तुझी संध्याकाळ बरी जाईल. अकरा कपाटं आणि माझी पेटी एकाच बोर्डावर आहेत. त्या बोर्डावर सॉकेट संपलं, म्हणून चौथ्याची वायर भिंतीपलीकडच्या वाळवणीच्या खोलीतल्या बोर्डावरून घेतली आहे. तिथे ओलं बी वाळवायचं यंत्र आहे, मोठ्या हीटरचं.

सहीबद्दल विचारलंस. ते आता महत्त्वाचं राहिलं नाही.

भाची


१२ मार्च

पोरी,

आज खटपटीबाई म्हणत नाही.

पुस्तिकेचं सातवं पान उघड, तळाचा परिच्छेद. मी भिंगातून वाचला. ही चिप उणे तारेला जमिनीवर ठेवतच नाही. ती तिचा व्होल्टेज मुद्दाम जमिनीच्या थोडा वर धरून ठेवते आणि तिथून मोजते. म्हणजे उणे म्हणजे जमीन, हे जे मी तुला छातीठोकपणे लिहिलं, ते या चिपच्या बाबतीत साफ चूक आहे. ती तार तू माझ्या सांगण्यावरून कपाटाला बांधलीस आणि तीनचे सात झाले.

आता तीन तरी का होते ते बघ. त्याच पानावर लिहिलंय, जाळी एकाच टोकाला अर्थ करा. मला वाचून आधी रागच आला. मग तुझा नकाशा घेऊन बसले. तुझी पेटी एका बोर्डाच्या अर्थवर, चौथं कपाट दुसऱ्या बोर्डाच्या अर्थवर. आपण दोन्हींना जमीन म्हणतो, म्हणून दोन्ही अगदी सारख्या असतात असं नाही. पलीकडच्या बोर्डावर मोठा हीटर लागला आणि त्याची थोडी जरी वीज गळून अर्थमध्ये उतरली, की त्या बाजूच्या जमिनीचा व्होल्टेज जरा उचलला जातो. मधे तुझी जाळी दोन्ही टोकांना बांधलेली. मग करंट त्या जाळीतून इकडे धावणार, आणि तिच्या पोटात तुझ्या दोन नाजूक तारा, व्होल्टच्या पाच हजाराव्या भागावर जीव मुठीत धरून बसलेल्या. मोटारीला असल्या करंटचं काही वाटत नाही. तिला दोनशेतीस व्होल्टची सवय. तुझ्या वाटाण्याला मात्र तेवढ्याने ताप भरतो. बाकीची अकरा पेटीच्याच बोर्डावर आहेत, म्हणून ती वाचली.

काका गेल्यावर चढ थांबला, हे तू पुरावा म्हणून लिहिलंस. मला सांग, काका गेल्यावर आणखी काय थांबलं? वाळवणीचं यंत्र कोण चालवायचं?

हे करून बघ. चौथ्याचं दार बंद कर, कुलूप लाव, चावी बाईंच्या हातात दे. मग कोणाला तरी हीटर लावायला सांग. चढलं तर दोन्ही चुका काढ. उणेची तार कपाटापासून सोडव आणि जाळी कपाटाकडच्या टोकाला कापून तिथे टेप गुंडाळ, पेटीकडची राहू दे. फक्त कपाटाच्या स्वतःच्या अर्थच्या तारेला हात लावशील तर याद राख. ती माणसासाठी आहे, ती राहणारच.

वीस तारीख आठ दिवसांवर आहे. मी हे पत्र पोस्टाच्या पेटीत न टाकता थेट टपाल कचेरीत नेऊन देणार आहे. चूक नियमाची होती आणि नियम माझा होता. बाईंना हवं असेल तर तसं मी लिहून देते, सहीसकट.

आत्या


१८ मार्च

आत्या,

पत्र काल सकाळी मिळालं. ते मी जिन्यातच उभी राहून वाचलं.

वाळवणीचं यंत्र काकाच चालवायचे. ते वाळलेलं बी काढायचे, ओलं भरायचे, बटण दाबायचे आणि वाळलेली पाकिटं लगेच चौथ्या कपाटात नेऊन ठेवायचे. म्हणून नोंदवही आणि आलेख इतके तंतोतंत जुळत होते. हीटर सुरुवातीला दहा-बारा मिनिटं जोरात चालतो आणि मग नुसता पंखा राहतो. कारकुनाला यंत्र लावता येत नाही, म्हणून ते महिनाभर बंद आहे. खोलीत ओल्या बियांची एकोणीस पोती पडून आहेत. मी रोज त्या पोत्यांना वळसा घालून जात होते.

दुपारी मी बाईंना बोलावलं. चौथ्याला कुलूप लावलं, चावी त्यांच्या मुठीत दिली आणि पलीकडे जाऊन बटण दाबलं. परत येईपर्यंत आकडा अकरावर होता. बाईंनी कुलूप ओढून पाहिलं. मग दार उघडून आतला थर्मामीटर पाहिला, तो चारवर होता. त्यांच्यासमोरच मी उणेची तार सोडवली, जाळी कापली, टेप गुंडाळली. पुन्हा बटण दाबलं. आकडा चार. आम्ही दोघी बारा मिनिटं त्या आकड्याकडे बघत उभ्या होतो आणि तो हलला नाही. थरथरही गेली.

आता सही. ती माझी होती. उडी सरळ आहे, दाराची वाटत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं, आणि तरी मी "सेन्सर निर्दोष" असं लिहून खाली सही केली. बाईंनी विचारलं तेव्हा हो म्हणून बसले होते, मग ते हो सांभाळत गेले. तुला लिहायची लाज वाटली. काल मी नवा अहवाल लिहिला, त्यात वायरिंगची चूक माझी असं स्पष्ट लिहिलं आणि तुझं नाव घातलं नाही. पुस्तिका माझ्याच टेबलावर होती, वाचायची मी होते. बाई रागावल्या, पण काम काढून घेतलं नाही. बैठक रद्द झाली. काकांना परत या म्हणून पत्र गेलंय.

भाची


२४ मार्च

खटपटीबाई,

पत्र वाचून बरं वाटलं आणि वाईटही, कोणतं जास्त ते सांगता येत नाही. सहीचं सांगितलंस ते बरं केलंस. आत्यापासून लपवायला अजून बरीच वर्षं शिकावं लागेल.

काल रात्रीच्या ऐवजी आज सकाळी, डोकं शांत असताना, तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली. त्यांत बाई काय म्हणाल्या ते आहे. मी काय म्हणाले ते आहे. चिपची पुस्तिका काय म्हणते तेसुद्धा आहे. काका काय म्हणाले ते कुठेच नाही. दार लावलं होतं का, हे त्यांना कोणी विचारलं होतं का? त्यांना विचार, असं मी तुला सांगितलं नाही, ते माझंही चुकलंच. मला लिफ्ट आठवली, पंप आठवला, माणूस आठवला नाही.

ते परत आले का?

आत्या


२ एप्रिल

आत्या,

नाही विचारलं. तुझं पत्र वाचेपर्यंत ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दोन महिने मी वायरला विचारलं, आलेखाला विचारलं, तुला विचारलं. काका रोज माझ्या पेटीसमोरून जायचे, मी मान हलवून हसायचे आणि पुन्हा आकड्यात डोकं घालायचे.

काका आले नव्हते. पत्राला उत्तरही नव्हतं. मग रविवारी मीच त्यांच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. काकूंनी दार उघडलं, काका आत खुर्चीची सैल झालेली वेताची बैठक विणत होते. मला पाहून ते उठले आणि खुर्ची पुढे करायला लागले, मग लक्षात आलं की तिला बैठकच नाही, म्हणून दुसरी आणली.

मी सगळं सांगितलं. जाळी, दोन बोर्ड, हीटर, माझी सही. तू म्हणशील फार तांत्रिक सांगितलं असेल, पण त्यांनी एक-दोनदा मलाच दुरुस्त केलं. हीटर दहा मिनिटं नाही, बरोबर अकरा मिनिटं चालतो म्हणाले. मी म्हटलं, "काका, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात, दार लावलं होतं म्हणून?"

ते वेताची पट्टी हातात घेऊन बसले होते. म्हणाले, "बोलणार होतो. पण तुमचं यंत्र दर मिनिटाला बघत होतं. मी काय, दिवसातून चारदा दार लावणारा. मला वाटलं, आपल्याच हातून राहत असेल आणि आपल्याला कळत नसेल."

काकू मधे म्हणाल्या, "महिनाभर हे असंच चाललंय. खाली जातात आणि जिन्यावरून परत येतात, कडी लागली का बघायला. गॅस बघतात, नळ बघतात. परवा डॉक्टरांकडे गेले होते, माझं डोकं तपासा म्हणून." काका त्यांच्याकडे न बघता पट्टी ओढत राहिले.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आत्या, मी त्यांची नोकरी जाईल म्हणून घाबरले होते. त्यांचं काय जात होतं ते मला ठाऊकच नव्हतं.

ते सोमवारपासून येतो म्हणाले. बाईंचं पत्र त्यांनी वाचलं होतं, पण त्यात फक्त "परत रुजू व्हावे" एवढंच होतं, का ते नव्हतं. त्यांना वाटलं, कारकुनाला वाळवणीचं यंत्र लावता येत नाही म्हणून बोलावतायत.

मी निघताना म्हटलं, "काका, दार बंदच होतं. प्रत्येक वेळी." त्यांनी हातातला वेत खाली ठेवला, आत गेलेल्या काकूंना हाक मारून बाहेर बोलावलं आणि मला म्हणाले, "आता हे परत एकदा सांगा, हिच्यासमोर." मी परत सांगितलं.

तुझी भाची